दैव कीं नावाड्याचा अपराध ?

आमच्या लहानपणीं मध्यम स्थितींतल्या कुटुंबांत समुद्रप्रवास म्हणजे कोंकणांत किंवा गोव्याकडे जाणारी आगबोट, एवढाच अर्थ होता. वळकटी, फिरकीचा तांब्या, दशम्यांचा डबा आणि मळमळूं लागल्यास लिंबू, इतक्या सामग्रीवर तो प्रवास होत असे; व तो होत असे तो कोठें तरी पोहोंचण्यासाठीं. आतां काल बदलला आहे. ज्यांचीं मुलें परदेशांत स्थायिक झालीं आहेत अशा घरांतील वडील माणसें काशी-रामेश्वराच्या जोडीला समुद्रपर्यटनहि करून येतात. हा प्रवास कोठें पोहोंचण्यासाठीं नसतो. जहाजावर राहणें हाच त्याचा हेतु. हजारों माणसें, पोहण्याचे तलाव, नाटकगृहें, भोजनगृहें, दवाखाना, असें एक तरतें शहरच तें. मुंबईहूनहि गोवा, कोची, लक्षद्वीप इकडे अशीं जहाजें गेल्या कांहीं वर्षांत जाऊं लागलीं आहेत. या सुखाबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु ज्या शहरांत आपण आठ दिवस राहावयास जातों त्या शहराचा कायदा कोणता, व तेथें हातपाय मोडला तर दाद कोणाकडे मागावयाची, हा प्रश्न निघण्यापूर्वीं विचारणारें माणूस आम्हांस तरी अद्याप भेटलें नाहीं. त्या प्रश्नाचें जें उत्तर आम्हांस मिळालें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

आमचें आयुष्य संस्कृत शिकण्यांत व शिकविण्यांत गेलें. कायद्याशीं आमचा परिचय धर्मशास्त्रांतील व्यवहारप्रकरणापुरता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायाच्या शेवटाकडे नावेनें पलीकडे उतरण्याचे दर दिले आहेत : गाडीस एक पण, माणसाच्या ओझ्यास अर्धा पण, इत्यादि. हे दर नदीपुरते समजावे, समुद्राला असें ठरीव प्रमाण सांगतां येत नाहीं, असेंहि तेथेंच म्हटलें आहे. त्यापुढील दोन श्लोकांत मात्र एक मोठी सूक्ष्म गोष्ट आली आहे. नावाड्यांच्या अपराधामुळें नावेंत जें कांहीं नासेल तें त्यांनीं सर्वांनीं मिळून, आपापल्या हिश्शाप्रमाणें, भरून द्यावें. परंतु दैविक आपत्ति आली असतां त्यांस शासन नाहीं. हें बोलणें मुख्यतः मालाविषयीं दिसतें. तथापि दैव आणि अपराध यांमधील ही रेघ एकदां नीट ध्यानांत घेतली, म्हणजे आजचा सारा सागरी कायदा उलगडण्याची किल्ली हातीं येते. आमचा अनुभव असा कीं, सुशिक्षित घरांतहि ही रेघ पुसट झाली आहे. जें जें समुद्रावर घडतें तें तें दैवाच्या खात्यावर मांडून आपण मोकळे होतों.

उदाहरण घरचेंच देतों. आमच्या वडील भगिनी, ज्यांस आम्ही अक्का म्हणतों, त्या २०२२ सालच्या डिसेंबरांत, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, न्यू जर्सीस मुलाकडे गेल्या होत्या. भाच्यानें हौसेनें त्यांस फ्लोरिडाहून निघणाऱ्या एका मोठ्या जहाजावरून कॅरिबियन बेटें दाखवावयास नेलें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं न्याहारीस जातांना, पोहण्याच्या तलावाशेजारीं सांचलेल्या पाण्यावरून पाय घसरून अक्का पडल्या. तेथें बसलेल्या एका बाईंनीं आपण होऊन सांगितलें कीं, हें पाणी पुसावयास मीं अर्ध्या तासापूर्वींच नोकरास सांगितलें होतें. जहाजावरील डॉक्टरांनीं स्नायु दुखावला आहे म्हणून गोळ्या दिल्या. उरलेले चार दिवस अक्का खोलींत पडून राहिल्या. परत आल्यावर क्ष-किरणांनीं पाहिलें तेव्हां खुब्याचें हाड मोडलेलें निघालें. शस्त्रक्रिया झाली, विम्यानें कांहीं भार उचलला, बाकीचा भाच्यानें. अक्का आतां काठी घेऊन चालतात, आणि देवघराच्या दोन पायऱ्या चढावयास त्यांस दुसऱ्याचा हात लागतो.

बिलें फेडतां फेडतां चौदा महिन्यांनीं भाच्यानें मियामीच्या एका वकिलास विचारलें. एका ओळींत उत्तर आलें : मुदत दोन महिन्यांपूर्वीं संपली. आम्हांस हें कळलें तेव्हां अक्का म्हणाल्या, "अरे, पाय माझा, घसरलें मी, त्यांत त्या बिचाऱ्यांचा काय दोष? माझें प्रारब्ध." भाचा म्हणाला, "मामा, तिकिटाचा मजकूर कोणी वाचतो का ? एका चौकटींत खूण केली कीं झालें." ज्या चौकटींत खूण केली तिच्यामागें काय होतें तें पाहावें म्हणून आम्हीं तो करार मागवून घेतला. कागदावर उतरवितां तो अठरा पानें भरला. ग्रंथ लावण्याची आमची जुनी संवय. वकिली करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्यास जवळ बसवून, एखादें कठीण भाष्य लावावें तसा तो आम्हीं ओळीनें लावला. त्यांत तीन गांठी आढळल्या : एक स्थळाची, दुसरी कालाची, तिसरी पुराव्याची.

पहिली गांठ स्थळाची. ही जहाजें चालविणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्या बहुतेक मियामी शहरांत वा त्याच्या आसपास. पण कार्निव्हल ही कंपनी मूळ नोंदलेली पनामा देशांत, रॉयल कॅरिबियन ही लायबेरियांत. आणि जहाजांवर ध्वज बहामा, पनामा किंवा बर्म्युडा यांचा. उतारू मात्र जगाच्या कोणत्याहि कोपऱ्यांतला. मग दावा कोठें करावयाचा ? तिकीट सांगतें : फ्लोरिडांत, आणि दुसरीकडे कोठेंहि नाहीं. या अटीची कसोटी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत १९९१ सालीं लागली. वॉशिंग्टन राज्यांतील, म्हणजे अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यांतील, एक दांपत्य कार्निव्हलच्या जहाजानें लॉस एंजेलिसहून मेक्सिकोकडे गेलें होतें. जहाजाचें स्वयंपाकघर पाहतांना त्या गृहस्थांच्या पत्नी चटईवरून घसरून पडल्या. त्यांनीं आपल्या राज्यांत दावा केला. कंपनीनें तिकिटाकडे बोट दाखविलें. पैसे भरल्यावर हातीं आलेल्या त्या तिकिटावर बारीक अक्षरांत फ्लोरिडाचें नांव होतें. सात विरुद्ध दोन मतांनीं निकाल कंपनीच्या बाजूनें झाला. न्यायमूर्ति ब्लॅकमन यांनीं बहुमताच्या वतीनें लिहिलें त्याचा आशय असा कीं, नाना गांवचे उतारू एका जहाजावर असल्यामुळें दाव्याचें स्थळ अगोदर ठरविण्यांत कंपनीचा वाजवी हेतु आहे, आणि त्यांतून वांचलेला खर्च भाड्याच्या सवलतीच्या रूपानें उतारूंसच मिळतो. न्यायमूर्ति स्टीव्हन्स यांनीं भिन्न मत दिलें. व त्या मतपत्रिकेच्या शेवटीं त्या तिकिटाचा मजकूर मूळ आकाराच्याच बारीक अक्षरांत छापून जोडला. शिक्षक या नात्यानें आम्हांस हा युक्तिवाद फार आवडला. मुलानें धडा वाचला नाहीं म्हणून त्यास छडी मारण्यापूर्वीं, धडा वाचतां येण्याजोगा छापला होता का, हें पाहावयास नको का ? परंतु आवडणें निराळें आणि कायदा निराळा. कायदा बहुमताचा आहे, आणि तो आजहि चालतो.

दुसरी गांठ कालाची, आणि हीच सर्वांत घातक. अमेरिकेच्या सागरी कायद्यांत शारीरिक इजेच्या दाव्यास सामान्यतः तीन वर्षांची मुदत आहे. परंतु उतारू नेणाऱ्या जहाजाच्या धन्यास तिकिटांत अट घालून ती कमी करतां येते. मात्र इजा झाल्याची लेखी सूचना देण्यास सहा महिन्यांहून, व दावा लावण्यास एक वर्षाहून कमी मुदत ठेवतां येत नाहीं. कायद्यानें घातलेली ही खालची मर्यादा. कंपन्यांनीं नेमकी तीच धरली आहे. म्हणजे तीन वर्षांचें एक वर्ष झालें तें खूण केलेल्या त्या चौकटींत. कंपनीशीं पत्रव्यवहार चालू आहे, त्यांचे कारकून गोड शब्दांत उत्तरें देत आहेत, म्हणून हें वर्ष थांबून राहत नाहीं. हाड जुळावयास, माणूस उठून बसावयास, आणि संकोच सोडून वकिलाचें दार ठोठवावयास आपल्याकडे सहज वर्ष लागतें. तेवढ्यांत दार बंद होतें.

तिसरी गांठ पुराव्याची. येथें कायदा उतारूस अगदींच वाऱ्यावर सोडीत नाहीं. अमेरिकेच्या बंदराला लागणाऱ्या जहाजाच्या धन्यानें, आमच्या हयगयीनें उतारूस इजा झाली तरी आम्ही जबाबदार नाहीं, अशी अट तिकिटांत घातली तर ती रद्द समजली जाते. जहाजावर हक्कानें आलेल्या प्रत्येकाविषयीं परिस्थितीप्रमाणें वाजवी काळजी घेणें हें धन्याचें कर्तव्य आहे, असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९५९ सालींच ठरविलें आहे. परंतु नुसतें पडलों एवढें पुरत नाहीं. तेथें पाणी आहे हें नोकरांस ठाऊक होतें, किंवा इतका वेळ तें होतें कीं ठाऊक असावयासच हवें होतें, हें उतारूनें दाखवावें लागतें. अक्कांच्या शेजारच्या बाईंचे तें एक वाक्य म्हणजे साऱ्या दाव्याचा कणा होता. आणि त्या बाईंचें नांव-गांव कोणींहि लिहून घेतलें नव्हतें. उतारूचाहि थोडा दोष असेल, पायांत निसरडी चप्पल असेल, तर त्या प्रमाणांत भरपाई कमी होते, सबंध बुडत नाहीं. ही गोष्ट आपल्या लाजाळू लोकांनीं विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

जहाजावरील डॉक्टरांविषयींहि एक महत्त्वाचा पालट झाला आहे. डॉक्टर हा स्वतंत्र, त्याच्या चुकीस कंपनी बांधलेली नाहीं, असा नियम तेथें दीर्घकाळ मानला जात असे. २०१४ सालीं फ्लोरिडावर अधिकार असलेल्या अपील न्यायालयानें एका वृद्ध उतारूच्या मृत्यूच्या प्रकरणांत हा नियम बाजूस सारला. डॉक्टर व परिचारिका कंपनीचे नोकर म्हणून वावरत असतील तर त्यांच्या हयगयीची जबाबदारी कंपनीवर येऊं शकते, असें त्यानें सांगितलें. परंतु बंदरावर उतरून जी सहल करावयाची तिचे चालक परके असतात, त्यांच्याशीं आमचा संबंध नाहीं, असें तिकीट म्हणतें, व पुष्कळदां तें टिकतें.

एक कठोर गोष्टहि येथें सांगितली पाहिजे. अमेरिकेच्या किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे हयगयीमुळें मृत्यु आला तर १९२० सालचा एक कायदा लागू होतो, व त्याप्रमाणें वारसांस केवळ आर्थिक हानीच मागतां येते. कमावता पुरुष गेला तर त्याच्या प्राप्तीचा हिशेब होतो. पेन्शनीत निघालेला म्हातारा किंवा नातवंडें सांभाळणारी आजी गेली तर हिशेबाच्या वहींत फार थोडी रक्कम उरते. दुःखाला त्या वहींत रकानाच नाहीं. विमानाच्या अपघातांपुरता हा कायदा २००० सालीं सुधारला. जहाजांचा उतारू तसाच राहिला.

युरोपखंडांतील व्यवस्था याहून बरी आहे. अथेन्स येथें १९७४ सालीं समुद्रावरील उतारूंसाठीं एक आंतरराष्ट्रीय करार झाला, व २००२ सालीं तो सुधारण्यांत आला. सुधारलेला करार २३ एप्रिल २०१४ पासून अमलांत आहे. अमेरिका त्यांत सामील नाहीं. ब्रिटन व युरोपीय संघ आहेत. या करारांत मनूची ती रेघ पुन्हां दिसते, पण अधिक बारकाईनें ओढलेली. जहाज बुडणें, उलटणें, आदळणें, खडकावर चढणें, आग लागणें, अशा आपत्तींत उतारूस कोणाचा दोष सिद्ध करावा लागत नाहीं. अडीच लाख एककांपर्यंत धनी आपोआप बांधलेला असतो. त्यापुढें, दोष आमचा नव्हता हें त्यानेंच सिद्ध करावयाचें. सर्व मिळून कमाल मर्यादा चार लाख एकक. (हें एकक आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचें असून त्याचें मोल डॉलरहून थोडें अधिक असतें.) युद्ध किंवा अत्यंत असाधारण नैसर्गिक कोप यांसारख्या खऱ्या दैविक कारणांस तेवढी सूट. जिन्यावर वा फरशीवर पडणें यांसारख्या किरकोळ म्हटल्या जाणाऱ्या इजेंत मात्र दोष उतारूनेंच दाखवावयाचा. मुदत उतरल्यापासून दोन वर्षें. आणि अपघातापूर्वीं तिकिटांत अट घालून हे हक्क कमी करतां येत नाहींत.

जहाजाच्या बाबतींत दैव किती व अपराध किती, याचें ढळढळीत उदाहरण १३ जानेवारी २०१२ च्या रात्रीं इटलीच्या जिल्यो बेटापाशीं दिसलें. कोस्टा काँकॉर्डिया हें चार हजारांहून अधिक माणसांचें जहाज किनाऱ्याच्या फार जवळून नेतांना खडकावर आपटून कलंडलें व ३२ जण मृत्युमुखीं पडले. वादळ नव्हतें, धुकें नव्हतें. तरी कप्तान उतारूंच्या आधीं जहाज सोडून गेला. त्यास २०१५ सालीं सोळा वर्षांची शिक्षा झाली व ती पुढें कायम झाली. ज्यांस शारीरिक इजा झाली नव्हती अशा उतारूंस कंपनीनें महिना उलटण्यापूर्वींच दरडोई अकरा हजार युरो देऊं केले. कित्येकांनीं ते घेतले, कित्येकांनीं घेतले नाहींत. देऊं केलेली पहिली रक्कम घेणें हा उतारूचा अधिकार आहे, पण तें त्याचें कर्तव्य नव्हे, हें त्यांतून शिकावें.

आपल्या किनाऱ्यावरहि असा एक दिवस येऊन गेला आहे. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट वाटेंत बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांतील कित्येक घरांत त्या दिवसाची आठवण अजून निघते. आणि ती निघतांना माणसें म्हणतात, समुद्र खवळला होता. तो खवळला होता खरा. परंतु त्या बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें व बुडाल्याची बातमी मुंबईस कित्येक तासांनीं पोहोंचली, हें समुद्रानें केलें नव्हतें. वादळ हें दैव. यंत्र नसणें हा माणसाचा हिशेब.

आज आपल्या देशांत उतारूस दोन वाटा उपलब्ध आहेत. पहिली ग्राहक आयोगाची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें तक्रारदार जेथें राहतो वा काम करतो तेथील आयोगाकडेहि तक्रार करतां येते. मुदत दोन वर्षें, व सबळ कारण दाखविल्यास त्यानंतरहि आयोग ती ऐकूं शकतो. अन्याय्य करारांविरुद्धहि राज्य व राष्ट्रीय आयोगांकडे त्या कायद्यान्वये जातां येतें. दुसरी वाट सागरी दाव्यांची. २०१७ चा ॲडमिरल्टी कायदा १ एप्रिल २०१८ पासून लागू असून, जहाजाच्या चालण्यासंबंधानें झालेली इजा वा मृत्यु यांबद्दल मुंबईसारख्या उच्च न्यायालयांत दावा करतां येतो व जहाज आपल्या सागरी हद्दींत असेल तर त्यास अटकहि करवितां येते. धनी परदेशांत दडला तरी जहाज दडत नाहीं, हें त्यांतलें मर्म. आपल्या करारकायद्याच्या २८ व्या कलमाची १९९७ सालीं झालेली दुरुस्तीहि येथें सांगावी : कायद्यानें दिलेली दावा करण्याची मुदत करारांतील अटीनें तोडतां येत नाहीं, तशी अट तेवढ्यापुरती रद्द. म्हणजे जी अट अक्कांच्या दाव्यास आडवी आली ती आपल्या कायद्याखालीं टिकली नसती. परंतु परदेशच्या बंदरांतून परदेशच्या कंपनीच्या जहाजावर चढणाऱ्यास या वाटा बहुधा उपयोगी पडत नाहींत. त्यानें त्या तिकिटाचाच रस्ता धरला पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये. ही म्हण आम्हीं वर्गांत शेंकडों वेळां सांगितली आहे, व भाऊबंदकीच्या बांधासाठीं ती आजहि खरी आहे. परंतु ती म्हण सांगते पायरी चढूं नये. पायरी कोठें आहे तें पाहूंहि नये, असें ती म्हणत नाहीं. अमेरिकेंत अशा दाव्यांचे वकील पुष्कळदां आधीं कांहीं घेत नाहींत. यश आलें तर ठरलेला वांटा घेतात. आपल्याकडे वकिलांस अशी वांट्याची बोली करण्यास मनाई आहे, म्हणून आपल्या लोकांस ती संशयास्पद वाटते. तेथें ती नित्याची रीत आहे. आणि अक्कांच्या बाबतींत प्रश्न लोभाचा नव्हताच. पोटच्या मुलानें आईला हौसेनें नेलें, आणि आतां काठीचा आवाज ऐकला कीं तो मान खालीं घालतो. पाणी पुसणें ज्याचें काम होतें त्याचें ओझें तो वाहत आहे. अपराध जागच्या जागीं ठेवला नाहीं, म्हणजे तो नाहींसा होत नाहीं. घरांतल्याच कोणाच्या तरी माथीं येऊन बसतो.

सबब आमचें सांगणें थोडें व साधें आहे. जहाजावर इजा झाली तर त्याच दिवशीं अधिकाऱ्यांकडे लेखी नोंद करावी व तिची प्रत मागावी; नोंदींत माझ्याच चुकीनें पडलों असें संकोचापोटीं लिहूं नये. जागेचीं छायाचित्रें घ्यावीं, कारण तासाभरांत फरशी कोरडी होते. पाहणाऱ्यांचीं नांवें व पत्ते टिपून घ्यावे. पायांतली चप्पल जपून ठेवावी. डॉक्टरांनीं काय सांगितलें व काय दिलें तें कागदावर घ्यावें, आणि उतरल्यावर लगेच दुसऱ्या डॉक्टरांस दाखवावें. वकिलाचा सल्ला तीन महिन्यांच्या आंत घ्यावा. लढावयाचें कीं नाहीं तें मागाहून ठरवावें. आणि हें सर्व करण्याची वेळ न येवो, अशी परमेश्वरास प्रार्थना करून, निघण्यापूर्वीं एक संध्याकाळ मोकळी ठेवावी. पेट्या भरून झाल्यावर तिकिटाचा सगळा मजकूर छापून घ्यावा, व घरांतील ज्याचें इंग्रजी बरें असेल त्यानें तो मोठ्यानें वाचावा. मुदत कोणती आणि न्यायालय कोठलें, या दोन ओळी लाल शाईनें अधोरेखित करून तो कागद औषधांच्या पिशवींत ठेवावा. मग खुशाल समुद्र पाहावा. तो पाहण्यासारखा आहेच.